फ्रीजमधला बर्फ धरायचा नाही

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातला सयाजीचा फोन. सयाजी म्हणजे आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. वय चाळिशीच्या पुढे, छाती त्याच्याही पुढे. "वैनी, आमी हाय. काय बी लागलं, कवाबी लागलं, नुसता आवाज द्या." मी म्हटलं, अरे पण लागणार काय? तर पलीकडून हुंदका. आणि फोन बंद.

सयाजीला रडताना मी याआधी एकदाच ऐकलंय – गणपतीची मिरवणूक पोलिसांनी लवकर आवरायला लावली तेव्हा.

पाठोपाठ समोरच्या तानाबाई. हातात शहाळं. सामान हलवल्यावर रिकाम्या खोलीकडे बघतात तसं माझ्याकडे बघत होत्या. "जातंय का?" काय जातंय का? "घास."

पेपर उघडल्यावर उलगडा. आज माझं सदर असतं, 'चवीपुरतं'. शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर बायकांनी सध्या बकेट लिस्टा टाकायचा धडाका लावलाय. एकीला जपानी शिकायचंय (शेजारणीशी तिला मराठीत धड बोलता येत नाही). एकीला समुद्राच्या तळाशी जायचंय. एकीला स्वित्झर्लंडला जाऊन स्वतःला शोधायचंय. इथं कुठं ठेवलं होतं ते आठवत नाही म्हणे. त्यांची फिरकी घ्यायची म्हणून मी माझीही यादी लिहिली. बुलेट स्वतः चालवत जोतिबाला जायचं. नाक न धरता पोहायचं. भर चौकात माईकवर गायचं. कन्नड शिकायचं – सासूबाईंशी त्यांच्या भाषेत भांडता येईल इतकं. आणि बर्फ बघायचा. फ्रीजमधला धरायचा नाही.

यातलं एकही करायचा माझा विचार नव्हता. मी विनोदी लिहिणारी बाई. आम्ही कुठं जात नाही. जाणाऱ्यांवर लिहितो.

पण मथळा होता – 'मरण्याआधी मला एवढं करायचंय'. आणि संपादकांनी शेजारी माझा फोटो छापला. काळा-पांढरा. काळ्या चौकटीत.

बस्स. चौकट बघितली, 'मरण्याआधी' वाचलं. पुढचा लेख कोल्हापूरनं वाचलाच नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

फ्लेक्स लागला.

चौकात, पंधरा फुटी. 'स्नेहलवैनी, लढा! अख्खी गल्ली तुमच्या पाठीशी.' माझा फोटो कुठल्यातरी लग्नातला, जिलेबीचा घास हातात. खाली शुभेच्छुकांची चाळीस-पन्नास तोंडं. त्यात एक बोकडही आहे, तो सयाजीचा. हसरा आहे.

मी तो उतरवायला गेले तर सयाजी म्हणाला, "वैनी, तुमी लेखात काय बी लिवा आमच्यावर. लिवलायसा आजवर. पर आमी इसरत न्हाय."

मी त्याच्या मंडळावर सहा लेख लिहिलेत. एकातही त्याला माणूस म्हटलेलं नाही. खाली मान घालून परत आले. फ्लेक्स तसाच आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर पाहुण्यांची रांग. मला काही झालेलं नाही, असं प्रत्येकाला सांगते. प्रत्येकजण मान हलवतो, "तसंच म्हणायचं असतं." घरात अकरा शहाळी, चार बिस्किटांचे पुडे आणि कोडोलीच्या कुठल्याशा वैद्याची काळी पावडर. पावडरीला वास असा की आजारी नसलेला माणूस पडावा.

सम्मेदराव – माझे यजमान, लक्ष्मीपुरीत पंप आणि पाइपांचं दुकान – दुकानातून लवकर आले. पाहुण्यांत बसून शहाळं प्यायले. म्हणाले, "लोकांना तुझ्याविषयी एवढं वाटतं, हे मला माहीतच नव्हतं."

मलाही नव्हतं. धक्का त्याचाच जास्त बसलाय.

५ नोव्हेंबर, बुधवार

हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही.

आमच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवतात. मावळतीला जेमतेम अर्धा तास होता. अव्वा पाटावर बसल्या. अव्वा म्हणजे सासूबाई, राजमती. ऐंशी पार झालेल्या, माहेर निपाणीच्या पलीकडचं. म्हणून घर, गल्ली, दूधवाला सगळे त्यांना अव्वाच म्हणतात. भाजी वाढली तर म्हणाल्या, "ह्यात मीठ हाय न्हवं? मग नको. उद्यापास्नं माजी मिठाआधी काढून ठिव."

का म्हणून विचारलं. "नियम घेतलाय." आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांनी देवळात जाऊन कशाचा तरी त्याग करणं नवीन नाही. बटाटा सोडला, दही सोडलं, असं चालूच असतं. मी फार लक्ष दिलं नाही.

भांडी घासायच्या वेळी तानाबाई दारात. त्या काल अव्वांचा हात धरून देवळापर्यंत गेल्या होत्या. "तुला ठावं न्हाय? तुज्यासाठी सोडलंय मीठ. मी बाहेर चपला राखत हुते, सगळं ऐकलं. 'सुनंचं सगळं पुरं हू दे देवा' म्हणाल्या. तुज्या यादीतलं सगळं हूस्तोवर म्हातारी मीठ खाणार न्हाय."

घासलेलं ताट मी परत घासायला घेतलं.

ज्या यादीतलं मी काहीच करणार नव्हते, त्या यादीला ऐंशी वर्षांची बाई मीठ बांधून बसलीय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सम्मेदराव माझ्याशी बोलत नाहीत. एकच वाक्य बोलले. "तिनं तुझ्यासाठी मीठ सोडलं आणि तू तिच्याशी भांडायचं म्हणून पेपरात छापतेस."

बरोबर आहे. पण चूक मी केली कशी, ते मला अजून कळत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, मी ठणठणीत असल्याचा दाखला द्या. ते म्हणाले, तसा दाखला त्यांनी पहिलवानांशिवाय कुणाला दिलेला नाही. सगळ्या तपासण्या करायला लावल्या. रक्त, छाती, पोट, हृदय. सगळं उत्तम! इतकं उत्तम की वाईट वाटलं.

दाखला अव्वांपुढे ठेवला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. घडी घातली. "चांगलं हाय. जपून ठिव." आणि बिनमिठाच्या पिठल्याबरोबर भाकरी खायला लागल्या.

तानाबाईंना दाखवला. "दाखलं काय, भेटत्यात," म्हणाल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी न्हाणीघरातून येताना अव्वांचा तोल गेला. दार धरलं म्हणून वाचल्या. तेच डॉक्टर घरी आले. रक्त तपासलं. शरीरातलं मीठ घटलंय, या वयात धोक्याचं, असंच चालू राहिलं तर भ्रम होईल, आकडी येईल. "जेवणात मीठ वाढवा."

मी म्हटलं, डॉक्टर, त्यांच्या तोंडात मीठ जायला आधी मला जोतिबापर्यंत बुलेट न्यावी लागेल.

त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. मला वाटतं ते माझा दाखला परत मागणार होते.

अव्वा कॉटवर शांत. "उगं कशाला आरडाओरडा? मला काय हुत न्हाय."

ठरलं. यादी करायची. सगळी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सयाजीला फोन केला. बुलेट शिकव म्हटलं. परत हुंदका.

२३ नोव्हेंबर, रविवार

दहा दिवस मैदानावर. बुलेट नावाचा प्राणी माझ्यासारखाच आहे – जड, तोंडाळ, आणि थांबवला की एका अंगाला कलणारा. चार वेळा पडले. गुडघा निळा. मंडळाची पोरं दुतर्फा उभी राहून टाळ्या वाजवायची. सयाजी मागून ओरडायचा, "वैनी, हँडलला गळा आवळल्यागत धरू नका, संपादक न्हवं त्यो."

आज जोतिबा. मागं सयाजीची गाडी, त्यामागं सात गाड्या, शेवटच्या गाडीवर भगवा. वळणावर समोर एसटी आली तेव्हा मी जे ओरडले ते छापता येणार नाही, पण पोहोचले! वर उतरले तर कुणीतरी गुलालाची मूठ डोक्यावर मारली. तिथंच पायरीवर बसले. पन्नाशीला टेकलेली बाई गुलालात माखून मोठ्यानं हसत होती, आणि ती मी होते.

घरी आले. अव्वा वाट बघत पडवीत. गुलाल बघून म्हणाल्या, "पडली न्हाईस न्हवं?" नाही. मग एकच प्रश्न. "वारा कसा हुता वर?"

सांगितलं. कानात शिट्टी घातल्यासारखा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. खाली ऊस नुसता लवत होता. अव्वा डोळे मिटून ऐकत होत्या.

मीठ? नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेत रोज जाते. आज नाक न धरता या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिकवणारी म्हणाली, म्हशीसारख्या पोहताय. मी म्हटलं, म्हैस बुडत नाही.

अव्वांचा प्रश्न – "पान्यात आवाज कसला येतो?" आपल्याच श्वासाचा. "व्हय? आनि दुसऱ्या कुणाचा न्हाय?" नाही. "मग बरं हाय की."

३ डिसेंबर, बुधवार

अव्वांचा महिन्याचा नियम आज सुटला. चतुर्दशी ते चतुर्दशी घेतला होता. मी आशेनं भाजीत मीठ घातलं. त्या देवळातून आल्या ते पुढच्या महिन्याचा घेऊनच. तानाबाई म्हणतात, "यादी कुठं झालीया अजून?"

बाईंचा हिशोब चोख आहे.

७ डिसेंबर, रविवार

गायले.

मंडळाचा कसलातरी सत्कार होता, चौकात मांडव. सयाजीनं माईक दिला. गाणं जुनं, दुसरं कडवं येत नव्हतं म्हणून पहिलंच दोनदा म्हटलं. सूर लागला असं मी म्हणणार नाही. सूर शेजारून गेला. पण अख्खा चौक रडत होता. बायका पदर लावून. बोकडसुद्धा गप्प.

आवाजाला कुणी हसलं नाही, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान. आणि तरी घरी येताना अंग हलकं झालं होतं. काय होतंय मला?

अव्वांनी लांबून ऐकलं होतं, पडवीतून. "आवाज लई वाईट हाय तुजा," म्हणाल्या. "पर मोठा हाय."

एवढं खरं या महिन्यात मला कुणीच बोललेलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

अव्वांनी कपाट आवरायला काढलंय. नऊवारी लुगडी तानाबाईंना दिली. चांदीचा करंडा आमच्या लेकीसाठी, रुचितासाठी वेगळा काढला, ती पुण्याहून आली की द्यायचा. खलबत्ता कामवालीला. मी म्हटलं, खलबत्ता कशाला दिलात, मला लागला असता. "तुला? तू मिक्सरवाली."

सम्मेदराव म्हणाले, "आई रिकामी बसत नाही. साफसफाई चाललीय."

मलाही तसंच वाटलं. त्यावर लेख लिहावा का? 'सासूचं कपाट'. नको. एका लेखानं इतकं केलंय.

१० डिसेंबर, बुधवार

आता कन्नड. हे अवघड.

कोपऱ्यावर शबनूरचं ब्लाउज शिवायचं दुकान. ती संकेश्वरची, लग्न होऊन इथं आली. तिला म्हटलं, सासूशी भांडण्यापुरतं शिकव. तोंडातली टाचणी काढून म्हणाली, "भाभी, भांडण एकदम शेवटी येतं. पहिलं विचारायला शिका, जेवला का."

ऊटा आतेन? – जेवण झालं का? बेकु – पाहिजे. बेड – नको. याक – का. उप्पु – मीठ. हा शब्द मी मागून घेतला.

शिलाईच्या मशीनच्या आवाजात शिकवते. मशीन थांबलं की माझी चूक झालीय असं समजायचं. फार थांबतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

अव्वांना म्हटलं, "ऊटा आतेन?"

त्यांच्या हातातली जपमाळ थांबली. माझ्याकडे बघितलं. मग सम्मेदरावांच्या बाबांच्या फोटोकडे बघितलं, जणू ते बोलले. म्हणाल्या, "ह्या घरात हे मला कुणी इचारलं न्हवतं. म्हंजे, ह्या भाषेत."

पुढचं वाक्य मला येत नव्हतं. पळून आत गेले.

२१ डिसेंबर, रविवार

एक धक्कादायक शोध.

लग्न झाल्यापासून मी ऐकतेय, अव्वा स्वयंपाकघरात कन्नडमध्ये पुटपुटतात. दात आवळून, एका दमात. मला वाटायचं, माझ्यावर. माझी भाकरी, माझं माहेर, माझे लेख. वर्षानुवर्षं मी त्या पुटपुटण्याला मनातल्या मनात उत्तरं दिलीत. दोन लेखही लिहिलेत त्यावर.

आज पहिल्यांदा शब्द कळले. त्या कुकरला बोलतात. "शिट्टी दे की, भवाने. किती वेळ घेशील? बसलीस फुगून."

कुकरला! मी त्यात कुठंच नाही.

शबनूरला सांगितलं तर मशीनवर डोकं टेकून हसली. "भाभी, तुम्हाला काय वाटलं, म्हातारीला दिवसभर तुमचंच काम?"

२४ डिसेंबर, बुधवार

सम्मेदरावांनी सिमल्याची तिकिटं काढली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. म्हणाले, "बर्फ एवढाच राहिला ना? आणि ते भांडण. भांडण तू करशीलच." हसले. बऱ्याच दिवसांनी.

अव्वा वाळल्यात. बांगड्या मनगटातून कोपरापर्यंत सरकतात. दुपारी झोपतात ते हाका मारल्यावर उठतात. मी शबनूरकडे आता दिवसातून दोनदा जाते.

१ जानेवारी, गुरुवार

भांडण झालं. मी ठरवलेलं नव्हे.

सकाळी पोरांच्या शुभेच्छा येत होत्या, फोन वाजत होता. अव्वा चुलीपाशी – म्हणजे गॅसपाशी, पण त्या चूलच म्हणतात – स्टुलावर बसून भाजी निवडत होत्या. मी वाक्य पाठ करून गेले होते. कमरेवर हात ठेवले. शबनूरनं सांगितलं होतं, हात कमरेवर असले की निम्मं व्याकरण माफ असतं.

"उप्पु याक तिन्नंगिल्ल नीवु?" मीठ का खात नाही तुम्ही?

अव्वा हसल्या. दात नसलेलं, मोकळं हसू. मग मी पुढचं म्हटलं, जसं जमेल तसं. माझ्यासाठी कशाला? मी ठीक आहे. मला काही झालेलं नाही. माझ्यासाठी जीव कशाला घालवता?

त्यांनी भाजी बाजूला ठेवली. मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणाल्या, "निन्न सलुवागि अल्ल. नन्न सलुवागि."

तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी.

मला वाटलं माझं कन्नड कच्चं. मग त्या मराठीत बोलल्या. "तू धडधाकट हाईस ते मला पयल्या दिवशीच कळलं. मरणारं माणूस आसलं चावट लिवत न्हाय. देवाजवळ तुजं मागितलं, ते खरं. सगळं पुरं हू दे म्हटलं. मीठ सोडलं, तेबी खरं. दोन्हीची गाठ तानाबाईनं मारली."

मग मीठ कशासाठी?

"वय झालं. आता एकेक उतरवत जायाचं. आमच्या अव्वानं असंच केलं हुतं. आदी मीठ. मग तूप, दूध. मग धान्य. मग नुसतं पानी. मग तेबी न्हाय."

सल्लेखना.

मी हा शब्द देवळाच्या फळ्यावर वाचलाय. जयसिंगपूरला एका घरी जाऊन, हॉलमध्ये चटईवर पडलेल्या आजोबांना नमस्कार करून आलेय. बाहेर पडल्यावर सगळे केवढं भाग्य म्हणाले होते. ते दुसऱ्याचं घर होतं.

लुगडी. करंडा. खलबत्ता. साफसफाई.

आणि मी! दोन महिने मी बुलेटवर बसत होते, पाण्यात पडत होते, चौकात किंचाळत होते – ह्या बाईनं माझ्यासाठी मीठ सोडलंय म्हणून. कुकरवरून मी काहीच शिकले नव्हते.

मग मी खरी भांडले. कन्नड पाचव्या वाक्याला संपलं, मराठीत भांडले, मग कुठल्याच भाषेत नाही. "याक, अव्वा? याक?" एवढंच राहिलं. तुम्ही आजारी नाही. तुम्ही कुकरला शिव्या देता. शिव्या देणारं माणूस जातं का कुठं?

"मी रागानं न्हाय चाललेली. कट्टाळूनबी न्हाय. जेवण झाल्यावर ताटावरनं उठतात, तसं." माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं. हाताला मेथीचा वास. "लेकाला इतक्यात सांगू नको. त्यो पाइपवाला. त्याला गळती कळती, ह्ये न्हाय कळायचं."

मग त्यांनीच विचारलं, "यादीत काय ऱ्हायलं आता?"

बर्फ.

"तिकिटं काढलीत न्हवं? मग जाऊन ये. हे बघ. म्हैन्याचा नियम उद्या सुटतोय. उद्याच पुढचा घेणार हुते, जल्मभराचा. पर थांबते. घरातलं माणूस परगावी आसताना असलं काय सुरू करू नये. तू बर्फ बघून ये, मला सांग कसा असतो. मग घेते."

आणि तोवर?

"तोवर खाते की मीठ. नियम सुटल्यावर मीठ खायाला काय हरकत हाय?"

देवासमोर सांगा म्हटलं. स्टुलावरून उठल्या, भिंत धरत देव्हाऱ्यापर्यंत गेल्या, हात जोडून सांगितलं. "सून बर्फ बघून येईस्तोवर." मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं.

३ जानेवारी, शनिवार

अव्वा आमटी-भात जेवल्या. पहिला घास घेतला, थांबल्या. मी आमटीची पळी धरून उभी.

"मीठ जास्त झालंय," म्हणाल्या. आणि दुसऱ्यांदा आमटी मागितली.

सम्मेदरावांनी जेवता जेवता डोळे पुसले. त्यांना वाटतं, यादी संपत आली म्हणून नियम सुटला. तानाबाईंनी दारातूनच गल्लीला बातमी दिली. सयाजी लोकरीच्या टोप्या घेऊन आला, दोघांना दोन, भगव्या. "वैनी, बर्फात आपल्या मंडळाचा झेंडा रोवून या." नवीन फ्लेक्स छापायला गेलाय. बर्फाच्या डोंगरावर मी आणि बोकड.

अव्वा टोपी हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. "ऊब हाय हिला. कवा निगायचं तुमी?"

४ जानेवारी, रविवार

तिकिटं रद्द केली. सम्मेदरावांना म्हटलं, गुडघा दुखतोय, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी दुखेल.

फ्रीजमधला बर्फाचा ट्रे काढून माळ्यावर टाकला. उगाच कुणी धरला तर?